डेथ, शेवटापासून मागे

2002 सालच्या पावसाळ्यात सांगलीच्या वसतिगृहात आमच्या मजल्यावर राहणाऱ्या एका नागपूरच्या मुलाने मला एक सीडी दिली. संगणकावर राइट केलेली ती साधी चकती होती आणि तिच्यावर काळ्या मार्करने ‘डेथ’ एवढेच लिहिलेले होते. देताना तो म्हणाला, “यांचा गाणारा मागच्या डिसेंबरात गेला बे. चौतीस वर्षांचा होता.” दिवाळीच्या सुट्टीत मी ती सीडी घरी नेली, तेव्हा आईने मार्करची अक्षरे वाचली आणि ती म्हणाली, “काय मेलं नाव ठेवलंय मेल्यांनी!” त्या एका वाक्यात मरण दोनदा येऊन गेले, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते. आपल्या भाषेत मरणाचा शब्द रोजच्या वापराने इतका गुळगुळीत झाला आहे, की रागावताना आणि लाड करतानाही तोच तोंडात येतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातील एका मुलाने 1984 साली आपल्या बँडला हे नाव दिले. पुढे त्याच्या सात अल्बमांमधून त्या शब्दाचे जे काही झाले, ते समजायला मला बरीच वर्षे लागली, कारण ते सातही अल्बम मी उलट्या क्रमाने ऐकले.

यात माझी काही योजना नव्हती. नागपूरकराचा एक चुलतभाऊ मुंबईला होता आणि त्याला जे जसे मिळेल तसे तो पाठवीत असे. अलीकडचे संगीत आधी मिळे, जुने नंतर. त्यामुळे चक शुल्डिनर हा माणूस माझ्या आयुष्यात आधी वारला, मग आजारी पडला, मग हळूहळू लहान होत गेला.

त्याच्याविषयी इतके सांगायला हवे, की डेथ म्हणजे मुख्यतः तोच होता. जन्म 13 मे 1967चा, न्यू यॉर्क राज्यातला; वाढला तो ऑर्लँडोजवळच्या आल्टामाँट स्प्रिंग्ज या गावात. गाणी बहुतेक त्याचीच, गिटार त्याची, गळा त्याचा. बाकीचे वादक येत आणि जात राहिले, इतके की सात अल्बमांपैकी कोणत्याही दोन अल्बमांवर तोच संच नाही. काही जण याला त्याचा हेकटपणा म्हणतात. तो असेलही, परंतु प्रत्येक नव्या वादकाकडून त्याने काय घेतले हे ध्वनिमुद्रणांत इतके स्पष्ट ऐकू येते, की मला ते हेकट माणसाचे लक्षण वाटत नाही.

पहिल्या सीडीवरचा अल्बम होता ‘द साउंड ऑफ पर्सिव्हरन्स’, 1998 चा, सातवा आणि शेवटचा. डेथ मेटल हा रॉक संगीताचा अतिजहाल प्रकार म्हणजे पोटातून काढलेली गुरगुर आणि मागे ड्रमचा गदारोळ, अशी माझी ऐकीव समजूत होती. इथे मात्र गळ्याच्या पार वरच्या टोकाला, जवळजवळ किंकाळीच्या पट्टीत गाणारा आवाज होता. दोन गिटारींच्या सुरावटी एकमेकींत गुंतलेल्या होत्या, बेस त्यांच्या खालून स्वतंत्र वाट काढत होता आणि रिचर्ड ख्रिस्टी नावाचा ड्रमर असा वाजवत होता, की सम शोधताना मांडीवर पडणारे माझे बोट सारखे चुकत होते. शाळेत असताना मी चार वर्षे तबला शिकलो होतो, त्यामुळे मात्रा मोजण्याची खोड होती. इथे सम सापडे, आणि पुढच्याच आवर्तनात मात्रांचा हिशेब बदललेला असे.

याच अल्बमच्या मध्यावर ‘व्हॉइस ऑफ द सोल’ नावाची पावणेचार मिनिटांची एक रचना आहे. तिच्यात शब्द नाहीत आणि ड्रमही नाहीत. साध्या गिटारीची साथ आणि तिच्यावर इलेक्ट्रिक गिटारीने लांबवलेले सूर, एवढेच. वसतिगृहातल्या ज्या मुलांना मेटल म्हणजे डोकेदुखी वाटे, त्यांनीही ती रचना पुन्हा लावायला सांगितल्याचे आठवते. मला मात्र ती एकटी काढून ऐकणे कधीच पटले नाही. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या गोंगाटात ती जिथे बसवली आहे, तिथेच तिला अर्थ आहे. आणि अल्बमविषयी तक्रार करायचीच, तर ती अशी की काही गाणी गरजेपेक्षा लांब आहेत. ‘फ्लेश अँड द पॉवर इट होल्ड्स’ आठ मिनिटांच्या पुढे जाते आणि त्यातले शिवणीचे टाके दिसतात. याला कारण असावे. चकला त्या काळात डेथ बाजूला ठेवून, दुसरा गायक घेऊन, कंट्रोल डिनाइड नावाचा नवा बँड उभा करायचा होता, आणि त्यासाठी रचलेल्या गाण्यांपैकी काही नव्याने बेतून या अल्बमवर आली. दोन वेगवेगळ्या अंगांसाठी कापलेले कापड एकाच अंगरख्यात शिवले गेले आहे, असे मला वाटत राहते.

1999च्या मे महिन्यात, नेमक्या बत्तिसाव्या वाढदिवशी, त्याला मेंदूच्या देठाजवळ गाठ असल्याचे कळले. त्याच वर्षाअखेरीस कंट्रोल डिनाइडचा ‘द फ्रॅजाइल आर्ट ऑफ एक्झिस्टन्स’ हा अल्बम निघाला. त्याच्यावर चक गात नाही, फक्त गिटार वाजवतो. 2000च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. उपचारांचा खर्च कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता; निरनिराळ्या बँडांनी आणि चाहत्यांनी पैसे उभे केले. लॉस एंजेलिसच्या ‘व्हिस्की अ गो गो’मध्ये 5 डिसेंबर 1998 रोजी झालेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण 2001 साली बाजारात आले, तेही याच खर्चाला हातभार म्हणून. 13 डिसेंबर 2001 रोजी तो गेला. हे सगळे मला पहिल्या पंधरवड्यातच ठाऊक झाले होते, म्हणून पुढचा प्रत्येक अल्बम ऐकताना शेवट माहीत असलेली गोष्ट ऐकल्यासारखे वाटे.

सहा महिन्यांनी ‘सिम्बॉलिक’ आला, 1995 चा. सातांतला सर्वांत नितळ अल्बम हा, आणि नवख्या माणसाला एकच द्यायचा झाला तर मी हाच देतो. टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत जिम मॉरिस याने तो घडवला. फ्लोरिडातले डेथ मेटल जगभर गेले ते याच स्टुडिओतून. मॉर्बिड एंजल, ऑबिच्युअरी, डिसाइड या सगळ्यांचे अल्बम इथे मुद्रित झालेले आहेत. ‘क्रिस्टल माउंटन’ हे गाणे धार्मिक दांभिकतेवर आहे, पण ते संपते मात्र साध्या गिटारीवर, जणू भांडण झाल्यावर माणूस अंगणात येऊन बसावा. जीन होग्लन हा अवाढव्य देहाचा ड्रमर इथे झांजांशी इतक्या नाजूकपणे खेळतो, की हेडफोन लावून केवळ झांजांसाठी मी हा अल्बम कितीतरी वेळा ऐकला आहे.

त्याच्या मागचा, 1993चा ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’, मला पहिल्यांदा आवडला तो बेसमुळे. स्टीव्ह डी जॉर्जिओ इथे पडदे नसलेला बेस वाजवतो. गिटारीच्या दांडीवर जे धातूचे पडदे असतात ते काढून टाकले, की स्वर एका घरातून दुसऱ्या घरात उडी मारत नाही, घसरत जातो. सरोद ऐकलेल्या आपल्या कानांना हे लगेच ओळखू येते, कारण सरोदलाही पडदे नाहीत आणि तिची मींड तिथूनच येते. डेथ मेटलच्या त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत बेस हा बहुतेक वेळा गिटारींच्या खाली गाडलेला असे. इथे तो गिटारींशी बरोबरीने बोलतो, कधी त्यांच्यावर कुरघोडीही करतो. याच अल्बमवरच्या ‘द फिलॉसॉफर’ या गाण्याची चित्रफीत एमटीव्हीच्या ‘बीव्हिस अँड बटहेड’ या कार्टूनमध्ये दाखवली गेली आणि त्या दोन टवाळ पोरांनी तिची यथेच्छ चेष्टा केली. त्या चेष्टेतून कितीतरी मुलांना हा बँड कळला, हेही खरे.

आता इथे थोडे थांबायला हवे, कारण यानंतर माझ्या हाती ‘ह्यूमन’ आला.

1991चा हा चौथा अल्बम जेमतेम चौतीस मिनिटांचा आहे. पुढून येणाऱ्यांना तो धक्का वाटला असणार, कारण त्याआधीचे तिन्ही अल्बम याच्या तुलनेत सरळ रेषेत चालणारे आहेत. मी मागून आलो होतो, त्यामुळे मला तो एखाद्या घराच्या उंबऱ्यासारखा वाटला. पुढच्या खोल्या पाहून झाल्या होत्या, आत अंधार होता आणि उंबऱ्यावर उजेड अर्धा होता. चकचा आवाज इथे पुढच्या अल्बमांइतका वर चढलेला नाही. तो छातीत आहे, खरखरीत आहे, पण शब्द कळतात. आणि त्या शब्दांत प्रेत एकही नाही. फसवणूक आहे, भावना बोथट होण्याविषयी आहे, माणसे बोलतात एक आणि चेहऱ्याआड ठेवतात दुसरेच, याविषयी आहे.

त्याला तसे कारणही होते. 1990 साली युरोपचा दौरा ऐन वेळी चकने नाकारला, आणि त्याचे दोन सहकारी त्याच्याशिवाय, सामानसुमान पाहणाऱ्या मंडळींपैकी दोघांना गायक आणि गिटारवादक म्हणून उभे करून, डेथच्याच नावाने तो दौरा करून आले. ज्याने नाव दिले तो घरी आणि नाव मात्र युरोपात हिंडते आहे, असा प्रकार. यात चूक कोणाची हे ठरवायला मी कोण! ऐन वेळी माघार घेणारा माणूसही सोबत्यांना अडचणीत टाकतोच. पण त्यानंतर कायमचा संच ठेवण्याचा नाद त्याने सोडला, आणि ‘ह्यूमन’साठी मायामीच्या सिनिक या बँडमधून विशीतली दोन मुले आणली: गिटारला पॉल मॅस्विडल आणि ड्रमला शॉन रायनर्ट. दोघांच्याही कानात जॅझ होते. बेसला डी जॉर्जिओ आला.

पहिले गाणे सुरू होते ते दुरून जवळ येत जाणाऱ्या ड्रमच्या आवाजाने, जणू पलीकडच्या गल्लीतली मिरवणूक आपल्या कोपऱ्यावर वळावी. रायनर्ट वीस वर्षांचा होता. दोन्ही पाय सतत धावत असतात, पण हात घाईत नाहीत. झांजेच्या मध्यभागी पडणारे त्याचे हलके ठोके तबल्यातल्या किनारीच्या बोलांसारखे वेगळे ऐकू येतात. आमच्या तबल्याच्या गुरुजींना मी एकदा हे गाणे धीर करून ऐकवले होते. दोन मिनिटे ऐकून ते म्हणाले, “हात चांगला आहे. बाकीचे लोक का रागावलेत?” 2020च्या जानेवारीत रायनर्ट गेला, अठ्ठेचाळीस वर्षांचा. त्या रात्री मी पुन्हा ते पहिले अर्धे मिनिट ऐकत बसलो होतो.

‘ह्यूमन’चा एक दोष मात्र सांगायला हवा. मूळ मुद्रणात डी जॉर्जिओचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. पुढच्या अल्बमवर ज्याने माझे कान उघडले, तोच माणूस इथे भिंतीपलीकडे वाजवतो आहे असे वाटे, आणि सीडी राइट करतानाच काही बिघडले असावे अशी माझी बरेच दिवस समजूत होती. 2011 साली रिलॅप्स या कंपनीने हा अल्बम जिम मॉरिसकडून नव्याने मिसळून घेऊन काढला, तेव्हा तो बेस पहिल्यांदा नीट ऐकू आला. वीस वर्षे तो टेपवर होताच. मी दोन्ही ऐकतो. नव्या मुद्रणात जास्त कळते, पण जुन्यातला तो कोरडा, अंग आखडलेला आवाज अधिक खरा वाटतो. हे केवळ सवयीमुळेही असेल.

आणखी एक लहानशी गोष्ट याच सुमाराची. बँडचे बोधचिन्ह चकने स्वतः रेखाटले होते. कोळ्याचे जाळे, विळा, अक्षरांवर ओघळ आणि टी या अक्षराच्या जागी उलटा क्रूस. ‘ह्यूमन’च्या वेळी त्याने त्यातली पुष्कळशी नक्षी पुसली आणि क्रूसाचा साधा टी केला. धर्माशी या नावाचा काही संबंध जोडला जाऊ नये, अशी त्याची इच्छा होती. म्हणजे मी मागे जात होतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते चिन्ह उलट भरत चालले होते. क्रूस परत आला, ओघळ परत आले, कोळी परत येऊन बसला. गाण्यांतही तसेच. मागे जाताना प्रेते वाढत गेली.

1990च्या ‘स्पिरिच्युअल हीलिंग’वर मी फार रेंगाळत नाही. जेम्स मर्फीची गिटार सुरेख आहे, पण विषय वर्तमानपत्रातून उचललेले आहेत: नशेच्या आहारी गेलेल्या आईचे मूल, गर्भपात, जनुकांशी खेळ, श्रद्धेचा बाजार मांडणारे उपदेशक. प्रेतांकडून माणसांकडे वळताना वाटेत लागलेला हा मुक्काम आहे, आणि मुक्कामाइतकाच तो लक्षात राहतो.

त्याआधीचा, 1988चा ‘लेप्रसी’ हाती आला तेव्हा मात्र मी बिचकलो. मुखपृष्ठावर एड रेप्का याने काढलेले चित्र आहे: फडक्यात गुंडाळलेला, चेहरा झडलेला एक रोगी. आठवीत असताना आमची सहल वरोऱ्याला आनंदवनात गेली होती. तिथे बोटे नसलेल्या हातांनी काम करणारी माणसे मी पाहिली होती, आणि त्यांतल्या एका आजोबांनी मला पाणी दिले तेव्हा ते पिताना क्षणभर माझा हात थबकला होता, हे मी कोणाला सांगितलेले नाही. ज्या भाषेत महारोग हा शब्द आहे आणि बाबा आमटे हे नावही आहे, त्या भाषेतल्या माणसाला हे चित्र नुसती गंमत म्हणून पाहता येत नाही. फ्लोरिडातल्या एकवीस वर्षांच्या मुलाला तो रोग गोष्टीतला वाटला असेल. मला तो शेजारच्या जिल्ह्यातला होता.

पण गाणे लक्ष देऊन ऐकले, तेव्हा त्यात निव्वळ किळस नाही असे दिसले. समाजाने बाहेर टाकलेल्यांचे, वस्तीबाहेर कुजत राहिलेल्यांचे ते वर्णन आहे, आणि टाकणाऱ्यांविषयी त्यात एक तिरकस शब्द आहे. ‘पुल द प्लग’ या गाण्यात यंत्रांवर जगवून ठेवलेला रुग्ण स्वतःच ते यंत्र बंद करण्याची विनवणी करतो. भयपटातल्या मरणाऐवजी इथे रुग्णालयातले मरण प्रथम येते, आणि बोलणारा मरणाऱ्याच्या जागेवरून बोलतो. ज्या बदलाचे श्रेय सगळे ‘ह्यूमन’ला देतात, त्याची पहिली चाहूल मला इथे लागते. संगीत अजून साधे आहे. बिल अँड्र्यूजचे ड्रम सरळ ठोकलेले आहेत, तारा एक स्वर खाली उतरवून गिटारींचा आवाज जाड केलेला आहे, आणि चकचा गळा पुढच्या कोणत्याही अल्बमपेक्षा खोल आहे. मुखपृष्ठाच्या मागे बेसवादक म्हणून टेरी बटलरचे नाव असले, तरी मुद्रणातला बेस चकनेच वाजवला होता.

‘स्क्रीम ब्लडी गोर’ 1987च्या मे महिन्यात निघाला, तेव्हा चक वीस वर्षांचा झाला होता. फ्लोरिडात आधी केलेले मुद्रण जमले नाही म्हणून ते टाकून दिले, आणि लॉस एंजेलिसमध्ये रँडी बर्न्सच्या देखरेखीखाली नव्याने केले. वाजवणारे दोघेच: ड्रमवर ख्रिस रायफर्ट, आणि गिटारी, बेस, गळा सगळे चकचे. गाणी भयपटांतून आलेली आहेत. प्रेते उठतात, आतडी बाहेर पडतात, रक्ताने दीक्षा दिली जाते. ‘सिम्बॉलिक’पासून सुरुवात केलेल्या माणसाला हे ऐकताना हसू येते आणि त्या हसण्यात तुच्छता अजिबात नसते, आपल्या विद्वान मित्राची शाळेतली वही सापडावी, तसे ते आहे. डेथ मेटलचा पहिला खरा अल्बम हा, की पझेस्ड या बँडचा 1985चा ‘सेव्हन चर्चेस’, यावर लोक अजून भांडतात. चक स्वतः या शैलीचे जनकत्व घ्यायला कधीच राजी नव्हता, तो आपल्या बँडला नुसते मेटल म्हणत असे. भांडणाऱ्यांनी त्याचेही ऐकलेले नाही.

इथे सात अल्बम संपले आणि मला वाटले, वाट संपली. त्यामागच्या टेप मी पुढे बऱ्याच वर्षांनी इंटरनेटवर ऐकल्या. 1983 साली चक सोळा वर्षांचा असताना कॅम ली आणि रिक रॉझ यांच्याबरोबर त्याने मँटास नावाचा बँड काढला, 1984 साली ‘डेथ बाय मेटल’ नावाची टेप केली, आणि त्याच वर्षी बँडचे नाव बदलून डेथ ठेवले. या टेप दुकानांत गेल्या नाहीत. त्या घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून पाकिटात घालून एका गावाहून दुसऱ्या गावाला, एका देशातून दुसऱ्या देशात पोस्टाने गेल्या. ज्याला मिळाली त्याने आणखी दोघांना उतरवून दिली, आणि प्रत्येक प्रतीत खरखर थोडी वाढली. नागपूरकराच्या चुलतभावाने सीडीवर मार्करने नाव लिहिले, तेव्हा तो याच साखळीतला आणखी एक हात होता.

चक नऊ वर्षांचा असताना त्याचा सोळा वर्षांचा थोरला भाऊ मोटार अपघातात गेला. त्यानंतर आईवडिलांनी त्याला गिटार घेऊन दिली. शिकवणी लावली ती त्याने थोड्याच दिवसांत सोडली, कारण बालगीते वाजवायची होती आणि त्याला ती नको होती. हा अपघात आणि बँडचे नाव यांची गाठ मारण्याचा मोह कोणालाही होईल. मला तो आजवर आवरता आला आहे, पण 1984ची टेप ऐकताना दर वेळी तो नव्याने आवरावा लागतो.

त्या टेपमध्ये खरखर इतकी आहे, की गाणे कुठे सुरू झाले हे पहिल्यांदा कळत नाही. ड्रम वाजवणारा मुलगाच बहुतेक वेळ ओरडतो आहे. दोन गिटारी एकमेकींच्या पुढे धावण्याच्या शर्यतीत आहेत. आणि मागे येता येता ‘पर्सिव्हरन्स’वर स्पष्ट बोलणारा, ‘थॉट पॅटर्न्स’वर घसरत गाणारा, ‘ह्यूमन’वर भिंतीआड गेलेला तो बेस इथे नाहीच, कारण या तीन पोरांना बेस वाजवणारा चौथा कोणी मिळालेला नव्हता. खर्जाची सगळी जागा रिकामी आहे, आणि तिघे तिच्यावरून भरधाव चालले आहेत.